नगरपरिषदेचे नियम आणि गावातला व्यापार: व्यापारी संघटनांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे महाराष्ट्रातील नगरपरिषद आणि नगरपंचायत क्षेत्रांतील दुकानदार, उपाहारगृहचालक, छोटे कारखानदार आणि त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी यांच्यासाठी आहेत. महानगरपालिकांचे कायदे वेगळे असल्याने तेथे काही उत्तरे लागू पडणार नाहीत.

व्यापारी संघटनेने नियमांबाबत पाठपुरावा करायचा म्हणजे नेमके काय करायचे?

एखाद्या सभासदाची अडलेली फाईल पुढे सरकावी म्हणून पदाधिकारी कार्यालयात जातात, साहेबांना भेटतात, काम होते आणि सगळे समाधानाने परततात. पुढच्या महिन्यात दुसऱ्या सभासदाची फाईल त्याच टेबलावर, त्याच कारणाने अडते. पाठपुरावा म्हणजे ते कारण शोधून दूर करवून घेणे. कोणता दाखला विनाकारण मागितला जातो, कोणत्या शुल्काचा दर कोठेच लावलेला नाही, कोणत्या अर्जाला मुदत ठरलेली असूनही ती पाळली जात नाही, हे लेखी मांडायचे आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत तो विषय सोडायचा नाही. याचा फायदा संघटनेत नसलेल्या दुकानदारालाही होतो, आणि तसा तो व्हावा.

म्हणजे नियम शिथिल करा, अशीच मागणी करायची का?

नाही. संघटनांची सर्वांत मोठी चूक येथेच होते, असे माझे ठाम मत आहे. व्यापाऱ्याला खरा त्रास कडक नियमाचा फारसा नसतो, तो अनिश्चित नियमाचा असतो. वर्षाला ठरावीक शुल्क भरायचे आहे, ते अमुक तारखेपर्यंत अमुक खिडकीवर भरायचे आहे, हे माहीत असेल तर दुकानदार त्याची तरतूद करतो. परंतु एका वर्षी शुल्क घेतले जाते, दुसऱ्या वर्षी कोणी विचारत नाही आणि तिसऱ्या वर्षी तीन वर्षांची थकबाकी दंडासह मागितली जाते, तेव्हा धंद्याचे गणित कोलमडते. म्हणून मागणी अशी असावी की नियम लेखी असावा, तो सर्वांना सारखा लागू व्हावा, त्याचे शुल्क व मुदत दर्शनी फलकावर असावी आणि बदल करण्यापूर्वी विचारणा व्हावी. शिवाय अग्निसुरक्षा, अन्नाची स्वच्छता आणि वजनमापाचा खरेपणा या बाबतींत सवलत मागणारी संघटना ग्राहकांच्या नजरेतून उतरते, आणि ग्राहक पाठीशी नसेल तर नगरसेवकही पाठीशी उभा राहत नाही.

हा विषय आत्ताच हाती घेण्याचे काही कारण आहे का?

आहे. राज्यातील बहुतेक नगरपरिषदांचा कारभार काही वर्षे प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात सर्वसाधारण सभा नव्हती, विषय समित्या नव्हत्या, आणि प्रशासकाचा आदेश हाच ठराव होता. डिसेंबर २०२५ मध्ये २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडून दिले, आणि प्रश्न ऐकून घेणारे लोक पुन्हा सभागृहात आले. नवे सभागृह पहिल्या वर्ष-दीड वर्षात जे दर, उपविधी आणि प्रथा ठरवते, त्या पुढे बराच काळ तशाच चालू राहतात. प्रशासकाच्या काळात लागू झालेल्या शुल्कांची यादी करून ती नव्या सभागृहापुढे फेरविचारासाठी ठेवणे, हे संघटनेचे पहिले काम असू शकते.

कोणता नियम कोणाच्या अखत्यारीत आहे, हे कसे ओळखावे?

निम्मी निवेदने चुकीच्या दारात दिली जातात, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

एखाद्याने तालुक्याच्या गावी फरसाण आणि मिठाईचे दुकान काढले असे समजा. दुकानाची सूचना किंवा नोंदणी, म्हणजे ज्याला आपण अजूनही गुमास्ता म्हणतो, ती कामगार विभागाकडे होते. खाद्यपदार्थांची नोंदणी किंवा परवाना हा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालचा विषय असून तो अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. काउंटरवरच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून त्यावर शिक्का मारणारा निरीक्षक वैधमापन यंत्रणेचा असतो. व्यवसाय कर राज्याच्या वस्तू व सेवा कर विभागाकडे भरायचा असतो. विजेचा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो, आणि दरवाढीच्या प्रस्तावावर आयोग हरकती मागवतो व जाहीर सुनावणी घेतो, हे फार थोड्या संघटनांच्या ध्यानात असते.

मग नगरपरिषदेकडे काय उरते? घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकाम परवानगी, पालिकेच्या गाळ्यांचे भाडे, आठवडी बाजाराची जागा आणि बाजार फी, जाहिरात फलकांची परवानगी, कचरा आणि गटारे, रस्त्यावरची अतिक्रमणे, पथविक्रेत्यांचे नियोजन, आणि ज्या व्यवसायांवर कायद्याने वा उपविधींनी परवान्याची अट घातली आहे त्यांचे परवाने. प्लास्टिक पिशवी सापडल्यावर पावती फाडणारे कर्मचारीही पालिकेचे असतात, मात्र ती बंदी राज्य शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आलेली आहे. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० रुपये आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद, हे दर पालिकेला कमी करता येत नाहीत. तेथे संघटनेने मागायचे ते एवढेच, की प्रत्येक दंडाची रीतसर पावती मिळावी आणि त्या पावतीवर कोणती वस्तू सापडली हे लिहिलेले असावे.

वाहनतळाचा प्रश्न दोन ठिकाणी विभागलेला असतो. एकेरी मार्ग किंवा सम-विषम तारखांची पार्किंग यांचे आदेश पोलीस व जिल्हा प्रशासनाकडून निघतात, तर जागा, पट्टे आणि फलक ही बाब नगरपरिषदेची असते. एकाच निवेदनात दोन्ही मागण्या लिहिल्या, तर प्रत्येक कार्यालय ती बाब दुसऱ्याची आहे असे कळवून मोकळे होते. दोन स्वतंत्र पत्रे द्यावीत आणि प्रत्येक पत्राची प्रत दुसऱ्या कार्यालयाला पाठवावी.

नवा कर, शुल्कवाढ किंवा नवी उपविधी येत असेल तर हरकत केव्हा आणि कशी नोंदवावी?

ठराव होण्यापूर्वी. उशिरा आलेला मोर्चा कितीही मोठा असला तरी वेळेवर दिलेल्या दोन पानी हरकतीइतका परिणाम त्याचा क्वचितच होतो. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार नवा कर बसवताना किंवा उपविधी करताना मसुदा प्रसिद्ध करून रहिवाशांच्या हरकती मागवाव्या लागतात, आणि उपविधींना वरिष्ठ पातळीवरील मंजुरीही लागते. ही जाहीर सूचना बहुधा स्थानिक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर आणि पालिकेच्या सूचना फलकावर लागते. संघटनेने एका सभासदावर एवढीच जबाबदारी सोपवावी की आठवड्यातून एकदा त्याने तो फलक वाचावा आणि नव्या सूचनेचे छायाचित्र काढून सर्वांना पाठवावे.

कित्येकदा शुल्क केवळ सभेच्या ठरावाने वाढवले जाते आणि हरकतींचा टप्पाच येत नाही. अशा वेळी पहिला प्रश्न असा विचारावा, की ही आकारणी अधिनियमाच्या कोणत्या कलमाखाली किंवा कोणत्या मंजूर उपविधीखाली केली जात आहे. उत्तर सापडत नसेल, तर तोच आपल्या हरकतीचा कणा ठरतो.

हरकतीचा मजकूर कसा असावा, याचा एक नमुना देतो. व्यवसाय परवाना शुल्क सर्वांना एकसारखे लावण्याचा प्रस्ताव आहे असे धरून:

«विषय: व्यवसाय परवाना शुल्काच्या प्रस्तावास हरकत व सूचना. महोदय, आपल्या जाहीर सूचनेतील तक्त्यानुसार १०० चौरस फुटांच्या पानपट्टीस आणि २,००० चौरस फुटांच्या कापड दुकानास समान शुल्क प्रस्तावित आहे. ही आकारणी लहान व्यावसायिकांवर विषम भार टाकणारी आहे. आमची सूचना अशी की, शुल्क चटई क्षेत्रानुसार तीन टप्प्यांत आकारावे, परवान्याची मुदत एक वर्षाऐवजी तीन वर्षे ठेवावी आणि नूतनीकरणासाठी मागील पावती पुरेशी मानावी. तक्त्यातील अनुक्रमांक ४ मध्ये नमूद दाखले अन्य विभागांकडे आधीच उपलब्ध असल्याने ते पुन्हा मागू नयेत. सुनावणीच्या वेळी म्हणणे मांडण्याची संधी मिळावी, ही विनंती.»

यात निषेधाचा एकही शब्द नाही, हे ध्यानात घ्यावे. प्रत्येक वाक्यात एक वस्तुस्थिती किंवा एक पर्याय आहे, त्यामुळे लिपिकाला त्यावर टिपणी लिहावीच लागते आणि नगरसेवकाला सभेत वाचून दाखवण्याजोगे काहीतरी मिळते. पत्र आवक विभागात द्यावे. आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तेथून निघू नये. साहेबांच्या हातात दिलेले पत्र कितीही आदराने स्वीकारले गेले, तरी आवक नोंदवहीत त्याची नोंद नसेल तर कागदोपत्री ते दिलेलेच नसते.

हरकती डावलून ठराव झाला तर पुढे काय करता येते?

प्रथम ठरावाची आणि कार्यवृत्ताची प्रमाणित प्रत मिळवावी. ती सहज मिळत नसेल तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्कासह अर्ज करावा. त्यावर ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आपल्या हरकतींवर कोणता निर्णय झाला आणि त्यांचा टिपणीत उल्लेख आहे की नाही, हे त्या कागदांतून कळते. त्यानंतर १९६५ च्या अधिनियमातील कलम ३०८ चा मार्ग आहे. नगरपरिषदेचा ठराव बेकायदेशीर असेल किंवा त्याने लोकांना उपद्रव होत असेल, तर जिल्हाधिकारी या कलमाखाली त्याची अंमलबजावणी स्थगित करू शकतात. या अर्जात भावनेपेक्षा कार्यपद्धतीतली त्रुटी ठळकपणे मांडावी: सूचना प्रसिद्ध झाली नाही, सुनावणी झाली नाही, आकारणीला कायद्याचा आधार नाही. उच्च न्यायालयाचा दरवाजा शेवटी असतोच, पण तेथेही आधी दिलेल्या हरकतीची शिक्का असलेली प्रत मागितली जाते.

घरपट्टी अचानक दुप्पट झाली. संघटनेने काय करावे?

नगरपरिषदा दर चार वर्षांनी मालमत्तांचे नव्याने मूल्यांकन करतात, त्याला चतुर्थ वार्षिक करआकारणी म्हणतात. आकारणी यादी प्रसिद्ध झाल्यावर प्रत्येक मालमत्ताधारकाला नोटीस येते आणि हरकत घेण्यासाठी मुदत असते. येथे संघटनेच्या सामूहिक निवेदनाने काम भागत नाही, कारण हरकत ज्याच्या त्याच्या मालमत्तेवर आणि ज्याच्या त्याच्या सहीने घ्यावी लागते. संघटनेने नमुना अर्ज छापून द्यावा आणि आपल्या कार्यालयात दोन-तीन संध्याकाळी माहितगार माणूस बसवावा, जो क्षेत्रफळ, वापर आणि बांधकामाचा प्रकार नोटिशीत बरोबर लिहिला आहे का हे तपासून देईल. चुका बहुधा याच तीन रकान्यांत सापडतात: पोटमाळा पूर्ण मजला म्हणून धरलेला असतो, मागची राहती खोली वाणिज्य वापरात गेलेली असते. हरकत फेटाळली गेली तर मालमत्ता कर अपील समितीकडे अपील करता येते.

अर्ज दिला, पण महिनोन्महिने निर्णय नाही. काय उपाय आहे?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा उपाय आहे, आणि त्याचा वापर व्यापारी फार कमी करतात याचे मला वाईट वाटते. अधिसूचित सेवांची यादी, प्रत्येक सेवेची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांची नावे कार्यालयात लावणे या कायद्याने बंधनकारक आहे. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला गेला तर ३० दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील, अशी पायरी आहे. सबळ कारणाशिवाय विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही रक्कम मोठी नाही, परंतु अपिलाची नोटीस टेबलावर आली की फाईल हलते.

मात्र अर्ज पोर्टलवरून किंवा आवक क्रमांकासह दिलेला असला पाहिजे. मुदत तेथूनच मोजली जाते.

दुकान नोंदणीचे सध्याचे नियम काय आहेत?

२०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांची नोंदणीतून सुटका केली आणि त्यांनी धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत फक्त ऑनलाइन सूचना द्यावी, अशी तरतूद केली. ही दहाची मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. याच कायद्याने दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडे ठेवता येते, मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावीच लागते. निरीक्षकाच्या जागी सुविधाकार हे पद आले. त्यामुळे लहान दुकानात येऊन कोणी «गुमास्ता परवान्याचे नूतनीकरण दाखवा» असे म्हणत असेल, तर त्याला आधी त्याचे ओळखपत्र आणि तपासणीचा आदेश विचारावा.

मराठी पाटीची सक्ती सर्वांना आहे का?

होय. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कामगारांची संख्या कितीही असली तरी पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असावी लागते आणि मराठी अक्षरे अन्य भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांचा अवधी दिला होता. हा प्रश्न आता संपलेला आहे, संघटनांनी त्यात शक्ती घालवू नये.

फेरीवाल्यांमुळे आमचा धंदा बसतो. त्यांना हटवण्याची मागणी का करू नये?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो आणि बहुतेक वेळा रागाने निघतो. दुकानदार भाडे देतो, घरपट्टी भरतो, आणि त्याच्याच पायरीसमोर तीच वस्तू विकणारी हातगाडी उभी राहते, ही तक्रार खोटी नाही. तरीही सरसकट हटवण्याची मागणी कायद्यात बसत नाही आणि व्यवहारातही टिकत नाही. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा २०१४ चा केंद्रीय अधिनियम सांगतो की सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला हटवू नये, आणि त्यानंतरही स्थलांतर करायचे असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी. अतिक्रमणविरोधी गाडी येते, माल उचलते, आणि चार दिवसांत त्याच हातगाड्या त्याच जागी दिसतात. हा खेळ आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षे पाहिला आहे.

व्यापाऱ्यांच्या खऱ्या उपयोगाची गोष्ट याच कायद्यात आहे आणि तिकडे लक्ष जात नाही. मुख्याधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात, त्यांत एकतृतीयांश महिला असतात, आणि त्याच समितीत व्यापारी संघटनांच्या प्रतिनिधींनाही स्थान आहे. विक्री क्षेत्र कोणते, ना-विक्री क्षेत्र कोणते, कोणत्या रस्त्यावर कोणत्या वेळेत बसता येईल, हे या समितीच्या शिफारशीने ठरते. आपल्या गावात समिती गठित झाली आहे का, तिच्या बैठका होतात का, दर पाच वर्षांनी करायचे सर्वेक्षण कधी झाले, हे विचारावे. बहुतेक ठिकाणी उत्तर असमाधानकारक असेल, आणि तीच आपली मागणी व्हावी.

पुढे जाऊन असेही सुचवतो की समितीच्या बैठकीपूर्वी संघटनेने पथविक्रेत्यांच्या प्रतिनिधींशी स्वतः बोलावे. दुकानाच्या दारापासून सोडायचे अंतर, सणासुदीच्या दिवसांतली व्यवस्था, संध्याकाळी जागा झाडून देण्याची जबाबदारी या गोष्टी दोघांनी मिळून मांडल्या तर समिती त्या सहसा नाकारत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यांतून गिऱ्हाईक येते ते भाजीच्या पाटीसाठी, आणि जाताना आपल्या दुकानात शिरते. हा संबंध दोन्ही बाजूंना पक्का ठाऊक असतो.

मागण्या मान्य होत नसतील तर «बंद» पुकारावा का?

बंद हा शेवटचा उपाय आहे, आणि तो किती वेळा वापरला यावर त्याचे वजन अवलंबून असते. स्थानिक संस्था कराचा इतिहास येथे आठवावा. जकातीला पर्याय म्हणून तो २०१० पासून टप्प्याटप्प्याने महानगरपालिकांत लागू झाला. २०१३ मध्ये मुंबई-पुण्यासह राज्यभरातील व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध प्रदीर्घ बंद पाळला, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांवरचा तो कर रद्द झाला. उरलेला कर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर संपला. म्हणजे बंदमुळे काहीच होत नाही, असे म्हणता येणार नाही. पण बंद आणि निर्णय यांच्यामध्ये दोन वर्षे गेली, आणि त्या काळात निवेदने, बैठका आणि निवडणुकीतली आश्वासने यांचे काम अखंड चालू होते.

नगरपरिषदांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. त्यांच्या क्षेत्रातली जकात १९९९ मध्येच रद्द झाली. तेव्हापासून पालिका शासनाच्या सहायक अनुदानावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहेत, आणि स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न घरपट्टी, पाणीपट्टी, गाळाभाडे आणि किरकोळ शुल्कांतूनच येते. म्हणून शुल्क रद्द करा असे म्हणताना, तेवढे पैसे कोठून येतील, याचेही उत्तर संघटनेकडे असावे. गावातील थकीत गाळाभाडे किती, आकारणीतून सुटलेल्या मालमत्ता किती, हे माहितीच्या अधिकारात मिळवून पुढे ठेवले, तर मुख्याधिकारी आपले म्हणणे वेगळ्या कानाने ऐकतात. त्या थकबाकीदारांत आपलेच काही सभासद निघतील. त्यांना आधी भरायला सांगण्याची हिंमत संघटनेने दाखवली पाहिजे.

कामासाठी पैसे मागितले तर?

देऊ नयेत. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हा आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक संघटनेच्या कार्यालयात लावलेला असावा. तक्रार एकट्या दुकानदाराला जड जाते, तेव्हा एक पदाधिकारी त्याच्याबरोबर गेला तर त्याला मोठा धीर येतो.

निवडणुकीत संघटनेने एखाद्या उमेदवाराला पाठिंबा द्यावा का?

माझ्या मते देऊ नये. आज पाठिंबा दिलेला गट उद्या विरोधात बसतो आणि संघटनेची पाच वर्षे वाया जातात. त्यापेक्षा मागण्यांचे एक पान सर्व उमेदवारांना द्यावे आणि त्यावर प्रत्येकाची लेखी भूमिका मागावी. संघटना सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर पक्षीय राजकारणापासून दूर राहणे कायद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे.

विकास आराखड्याशी व्यापाऱ्यांचा काय संबंध?

फार जवळचा, कारण बाजारपेठेतला रस्ता किती रुंद होणार, कोणाच्या दुकानावर आरक्षण पडणार आणि वाहनतळ कोठे येणार हे त्यातच ठरते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत हरकती द्याव्या लागतात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. हे ३० दिवस चुकले तर पुढची वीस वर्षे त्या रेषेबरोबर काढावी लागतात. नकाशा वाचता येणारा एक अभियंता किंवा वास्तुविशारद त्या महिन्यापुरता नेमावा, आणि बाजारपेठेच्या भागाचा नकाशा मोठा करून संघटनेच्या भिंतीवर लावावा, म्हणजे प्रत्येकाला आपले दुकान त्यात शोधता येईल.

नगरपरिषदेच्या वर दाद मागण्याच्या जागा कोणत्या?

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा उद्योग मित्र समिती ही सर्वांत दुर्लक्षित जागा आहे. तेथे महावितरण, औद्योगिक विकास महामंडळ, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पोलीस आणि स्थानिक संस्था एकाच टेबलाभोवती बसतात. विषय आधी लेखी दिला तर तो कार्यवृत्तात येतो आणि पुढच्या बैठकीत त्याचे काय झाले हे विचारता येते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हा पातळीवर लोकशाही दिन असतो, तोही वैयक्तिक तक्रारींसाठी उपयोगी आहे. राज्याच्या धोरणाशी संबंधित प्रश्न असतील तर १९२७ मध्ये वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या महाराष्ट्र चेंबरसारख्या शिखर संस्थेमार्फत ते मंत्रालयापर्यंत नेता येतात. गुंतवणूकदारांसाठी एक खिडकी देणारा «मैत्री» कायदा २०२३ मध्ये आला, आणि त्याच वर्षी केंद्राच्या जनविश्वास अधिनियमाने ४२ कायद्यांतील १८३ तरतुदी फौजदारी शिक्षेतून वगळल्या किंवा सौम्य केल्या. हे स्वागतार्ह आहे, पण तालुक्याच्या गावातील पिठाच्या गिरणीवाल्याला त्याचा अनुभव अजून फारसा आलेला नाही, कारण त्याचा संबंध पोर्टलपेक्षा पालिकेच्या खिडकीशी येतो.

संघटना नोंदणीकृत असणे आवश्यक आहे का?

निवेदन देण्यासाठी नाही, परंतु समितीवर प्रतिनिधित्व मिळवण्यासाठी, बँक खात्यासाठी आणि न्यायालयात उभे राहण्यासाठी नोंदणी लागते. सामान्यतः संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली नोंदणी होते. नंतर दरवर्षी लेखापरीक्षण आणि पदाधिकारी बदलले की बदल अर्ज, ही दोन कामे चुकवू नयेत. जुन्या संघटनांचे बदल अर्ज वर्षानुवर्षे प्रलंबित असतात आणि ऐन वादाच्या वेळी अध्यक्ष कोण, हाच प्रश्न उभा राहतो. वर्गणी एवढी कमी ठेवावी की इस्त्रीवाला आणि सायकल दुरुस्तीवालाही सभासद होऊ शकेल, आणि कार्यकारिणीत महिला व्यावसायिकांना जागा असावी. गावातील ब्युटी पार्लर, शिवणवर्ग, खानावळी आणि पापड-मसाल्यांचे घरगुती उद्योग त्याच चालवतात, पण नियमांच्या चर्चेत त्यांचा आवाज क्वचितच ऐकू येतो.

काम सुधारले की नाही, हे कसे समजावे?

संघटनेने एक साधी नोंदवही ठेवावी. सभासदाने कोणता अर्ज कोणत्या तारखेला दिला, आवक क्रमांक काय, कोणते दाखले मागितले गेले, किती हेलपाटे झाले, अधिकृत शुल्क किती आणि निर्णय कोणत्या तारखेला मिळाला, एवढे रकाने पुरतात. सहा महिन्यांनी त्या पानांवर बोट फिरवले की अडचण कोठे आहे ते स्पष्ट दिसते: नळजोडणीचे अर्ज वेळेत होतात, पण मालमत्ता हस्तांतरणाची नोंद रखडते, किंवा एकाच प्रभागातील अर्जांना दुप्पट वेळ लागतो. या नोंदींचा एक पानी तक्ता सभासदांची नावे गाळून मुख्याधिकारी आणि नगराध्यक्षांना दर सहा महिन्यांनी द्यावा. ज्या टेबलावर काम वेळेत होते त्याचाही तक्त्यात स्पष्ट उल्लेख करावा, कारण तेथील कर्मचाऱ्याला ती दाद वरिष्ठांसमोर क्वचितच मिळते.